ही आल्यावर काय लावायचं

रविवार, २

तीस वर्षं या वहीत मी फक्त मशीनचे नंबर लिहिले. आज स्वतःबद्दल लिहायला बसलोय तर पेन अडखळतंय.

कारण असं, की ही २९ तारखेला येतेय. त्या शनिवारी लग्नाला बरोबर तीस वर्षं होतात. तिच्या थोरल्या बहिणीकडे, अक्कांकडे गेली त्याला चार महिने झाले. अक्कांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, उठबस करायला कुणी हवं होतं. तीन आठवड्यांसाठी म्हणून गेली. पण अक्कांची रोपवाटिका पडली मोठी, एक काम संपलं की दुसरं. असो. काम म्हणजे काय ते मला कुणी सांगायला नको. मी म्हटलं, २९ ला येच. ती म्हणाली, 'बघू.' म्हणजे येणार. तीस वर्षांत तिचं 'बघू' हे शेवटी 'हो'च ठरलंय.

त्या संध्याकाळी घरात संगीत लावायचं. लेक म्हणते याला 'रोमँटिक मूड म्युझिक' म्हणतात. म्हणेनात का.

हे खूळ डोक्यात शिरलं कसं, तेही लिहून ठेवतो. दीड महिन्यापूर्वी बाजारातला तबकडीवाला एक जुना रेकॉर्ड प्लेअर घेऊन माझ्या वर्कशॉपमध्ये आला. म्हणाला, 'तुम्ही शिलाई मशीन दुरुस्त करता, पण मोटर ती मोटरच ना?' उघडून बघितला. बेल्ट सैल पडला होता. माझ्याकडच्या एका लहान मशीनचा बेल्ट चपखल बसला. तपासायला म्हणून त्यावर होती तीच तबकडी लावली, आणि एक बाई गायला लागली. शब्द निम्मेच कळले. आवाज असा, की रात्रभर रडून सकाळी तोंड धुऊन कामाला निघालेली बाई. आणि मागे एक जाडजूड तारेचं वाद्य, डबल बास म्हणतात हे नंतर कळलं, सावकाश, ठुम, ठुम, ठुम. नीट तेलपाणी केलेल्या मशीनसारखं, कुठे घासत नाही, कुठे घाई नाही.

मी तेलाच्या डब्यावर बसलो. आजूबाजूला नऊ मशीन चालू होती, ती मला ऐकू येईनाशी झाली. माझ्या कानांच्या बाबतीत असं कधी झालेलं नाही. तो प्लेअर मी विकतच घेतला. तेव्हापासून रोज सकाळी वर्कशॉप उघडायच्या आधी तासभर जॅझ आणि ब्लूज. छप्पन्नाव्या वर्षी माणसाला गोवर यावा तसं झालंय.

सोमवार, ३

सकाळी शर्टाच्या कारखान्यातून सुपरवायझरचा फोन. 'चार नंबरचं मशीन टाके सोडतंय, मला वाटतं दोऱ्याचा ताण…' मी म्हटलं, 'साहेब, तुम्ही बोलू नका. फोन मशीनच्या डोक्याजवळ धरा आणि चालवा.'

ही माझी पद्धत. माणूस बोलायला लागला की स्वतःची अक्कल सांगतो. मशीन फक्त दुखणं सांगतं. मी तोंड मिटतो, डोळे मिटतो, दुसऱ्या कानात बोट घालतो. अर्ध्या मिनिटात सांगितलं, 'हुकचं टोक बोथट झालंय. ताणाला हात लावू नका.' दुपारी त्याचा फोन आला, हुकच होता. सोळाव्या वर्षी सायकलला पेटी बांधून दारोदार फिरायचो तेव्हा जवळ भांडवल एवढंच, दोन कान.

संध्याकाळी साडेसहाला हिला फोन. पंचवीस मिनिटं बोललो. दमेकऱ्याबद्दल सगळं सांगितलं. दमेकरी म्हणजे एक सॅक्सोफोनवाला. नाव मी ठेवलंय, कारण सुराआधी त्याचा श्वास ऐकू येतो. ही ऐकत होती. 'हं' म्हणाली. एकदा 'हो का' म्हणाली. पाठीमागे पाण्याचा आवाज, कात्रीचा आवाज. मध्येच फोनवर हात ठेवून कुणाला तरी म्हणाली, 'ती ओळ सावलीत घ्या. आणि दर वेळी विचारायला येऊ नका, येतं तुम्हाला.' आवाज इतका खणखणीत, की मला वाटलं दुसऱ्याच कुणाचा फोन मध्ये घुसला.

अक्कांकडे एक माळी फार सुरेल शीळ वाजवतो. फोन अक्का उचलतात आणि हिला हाक मारायला जातात, तेवढ्या वेळात लांबून ऐकू येते. एकही सूर हलत नाही. ही फोनवर आली की बंद. लाजाळू दिसतो गडी.

बुधवार, ५

तबकडीवाल्याच्या दुकानात गेलो. वाळक्या काडीसारखा माणूस. तरुणपणी हॉटेलातल्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा. कवळी बसवल्यापासून फुंकता येत नाही, म्हणून आता दुसऱ्यांचं फुंकलेलं विकतो. हे वाक्य त्याचंच.

मी सरळ सांगितलं, 'बायको येतेय. रोमँटिक काहीतरी काढा.'

'मशीनवाले, रोमँटिक तुमच्या बाजूने की त्यांच्या?'

'म्हणजे?'

'त्यांना काय आवडतं?'

'गाणी.'

'कसली?'

'सगळीच आवडत असतील.'

'असतील?' त्याने चष्म्यावरून पाहिलं. 'घरात काम करताना काय गुणगुणतात?'

मी विचार केला. खरंच केला. आमच्या हॉलमध्ये मशीन, मागच्या खोलीत मशीन, एकाची तरी चाचणी चालूच. त्या खडखडाटात गुणगुणणं कुणाला ऐकू येणार? तसं म्हटलं त्याला.

'तुम्हाला,' तो म्हणाला. 'तुमच्या कानांची सबंध बाजारात ख्याती आहे.'

हसलो दोघंही. बोलण्यात मला हरवणारा अजून जन्मायचाय, पण हा उंबरठ्यापर्यंत आला. आमचे वडील म्हणायचे, बोलणाऱ्याचा कोंडा विकला जातो, न बोलणाऱ्याचा गहूही पडून राहतो. मी त्यावरच वर आलो. तीन तबकड्या घेऊन निघालो आणि रस्ताभर लहान पोरासारखा त्यांची पाकिटं हुंगत आलो.

शुक्रवार, ७

ऐकलेलं लिहून ठेवतो, निवडताना बरं.

एका तबकडीवर नुसता पियानो, बास आणि ड्रम. ड्रमवाला काठ्यांनी वाजवतच नाही, तारांच्या झाडूने ड्रम झाडतो. सळ्, सळ्. बाहेर कुणी अंगण झाडतंय आणि आत आपण पांघरुणात आहोत, असं वाटतं. ही जेवणाच्या वेळी लावायची, बोलण्याच्या आड येत नाही. दुसरीवर एक ट्रम्पेटवाला आहे. तोंडाशी काहीतरी बसवून आवाज कोंडतो आणि मग त्या कोंडलेल्या आवाजात असा काही कळवळतो, की माझ्या हातातला स्क्रू ड्रायव्हर थांबला. ही पक्की. तिसरी एका म्हाताऱ्या गिटारवाल्याची. भसाडा आवाज, पायाने जमिनीवर ठोका. ही बाद, बायकोला घाबरवायचं नाहीये. पण मी एकट्याने चार वेळा ऐकली, कबूल करतो.

दमेकऱ्याची तबकडी टेलरबाईंना ऐकवली. दुरुस्त झालेल्या प्रत्येक मशीनवर त्या पहिली शिवण घालतात. त्यांनी मान हलवल्याशिवाय माझं मशीन दाराबाहेर जात नाही. त्यांनी शिवण थांबवली, ऐकलं आणि म्हणाल्या, 'मालक, हा माणूस माफी मागतोय.'

'कशाबद्दल?'

'ते त्यालाही माहीत नाही. म्हणून तर एवढा वेळ लागतोय.'

मी पोट धरून हसलो. त्या हसल्या नाहीत. पण दमेकरी यादीत पहिला.

रविवार, ९

आज हॉल रिकामा केला! अकरा मशीनची डोकी, बॉबिनचं कपाट, बेल्टचे गठ्ठे, सगळं वर्कशॉपमध्ये हलवलं. मदतीला लेक आली होती. सव्वीस वर्षांची, दातांची डॉक्टर, पण माझ्या लेखी छकुलीच.

'बाबा, हॉलमध्ये जमीन आहे!'

'तुझ्या आईची खुर्ची इथे. समोर स्पीकर. मधे काही नाही.'

'आईची खुर्ची स्वयंपाकघरात असते. मागच्या दाराशी.'

'इथे जागा कुठे होती तेव्हा?'

'तेच म्हणतेय मी.'

मग तिला सगळा कार्यक्रम क्रमाने ऐकवला. दार उघडल्यापासून जेवण होईपर्यंत झाडूवाला, मग दमेकरी, शेवटी कोंडलेला ट्रम्पेट. मधूनमधून समजावून सांगत होतो, कुठे बास येतो, कुठे पियानो गप्प बसतो. ती एकदा म्हणाली, 'बाबा, ऐकू द्या ना.' आवडलेलं दिसतंय.

नंतर चहा पिताना म्हणाली, 'फोनवर आई काय म्हणते तुम्हाला?'

'ऐकते.'

'आणि २९ ला तिचं जमलं नाही तर?'

'मी गाडी घेऊन आणायला जातो. चार तासांचा तर रस्ता.'

'मी ते नाही विचारलं, बाबा.'

मग उठून कप धुवायला गेली. कप दोन, नळ पाव तास चालू. पोरीला सर्दी झालीय, नाक ओढत होती. वाफ घे म्हटलं. 'हो' म्हणाली. आईवर गेलीय, थोडक्यात आटपते.

बुधवार, १२

नवी तबकडी. कानात अजून वाजतंय. लिहायला सवड नाही, पुन्हा ऐकायचीय!

शुक्रवार, १४

आज तबकडीवाल्याने ब्लूजची शिवण उसवून दाखवली. पहिली ओळ गायची. तीच ओळ दुसऱ्यांदा गायची. तिसऱ्या ओळीत तिचं उत्तर द्यायचं. सगळं दुखणं एवढ्या तीन ओळींत. मी म्हटलं, 'मग प्रत्येक ओळीनंतर ही गाणारी बाई थांबते ती का? अर्धी जागा तर रिकामीच.'

'रिकामी नाही, तिथे गिटार बोलतं. ती म्हणते, माझं असं असं झालं. गिटार म्हणतं, ऐकलं बरं. ती थांबलीच नाही तर गिटारवाल्याने काय करायचं?'

'हात चोळत बसायचं.'

'आमच्या बँडमध्ये होती अशी एक. आवाज सोन्यासारखा, पण श्वास घ्यायलाही थांबायची नाही. आमचा गिटारवाला सहा वर्षं हात चोळत बसला.'

'मग भांडला?'

'छे. एक दिवस आलाच नाही. पुढे कळलं, पलीकडच्या गावातल्या एका लहानशा बँडमध्ये वाजवतो. मी मुद्दाम ऐकायला गेलो. मशीनवाले, हा माणूस इतकं वाजवतो, हे आम्हाला माहीतच नव्हतं!'

'आणि तुमच्या त्या बाईने काय केलं?'

'तिला महिनाभर कळलंच नाही तो गेलाय ते.'

हसून हसून डोळ्यांत पाणी आलं माझ्या. संध्याकाळी हिला हा किस्सा साग्रसंगीत सांगितला, तबकडीवाल्याचा आवाज काढून. पाठीमागची कात्री थांबली. मग म्हणाली, 'चांगला आहे किस्सा.' मी लगेच पुढचा सांगितला.

रविवार, १६

झालं ते जसंच्या तसं लिहितो.

आज मला कल्पना सुचली, की हिला फोनवरच थोडी झलक ऐकवावी. स्पीकरच्या पुढ्यात फोन धरला. म्हटलं, 'ऐक, दमेकरी.' आणि माझा आवाज मध्ये येऊ नये म्हणून तोंड मिटलं. चार मिनिटांची तबकडी. संपली, सुई आत जाऊन खर्र खर्र फिरायला लागली. मी फोन कानाला लावला आणि सवयीने तसाच राहिलो. तोंड बंद, डोळे बंद, दुसऱ्या कानात बोट. कानाला फोन लागला आणि मी बोलत नसलो, की माझं शरीर तसंच बसतं, मशीन ऐकायला.

आणि ही बोलली.

'आहात ना? असलात तर बोलू नका. आज पहिल्यांदा तुम्ही थांबलात म्हणून सांगते. मी २९ ला येत नाही. अक्काचा गुडघा अडीच महिन्यांपूर्वीच बरा झालाय. ती जिने चढते. तुम्ही विचारलं नाहीत, मी सांगितलं नाही. मी इथे राहिले ते मला राहायचंय म्हणून. रागावून नाही. इथे मी बोलले की लोक ऐकतात, आणि मला कळतं की मी बोलतेय. त्या घरात मला माझाच आवाज यायचा नाही.'

मी म्हणालो, 'अगं पण मी हॉल रिकामा केलाय! तुझी खुर्ची आणलीय, तीस वर्षांत पहिल्यांदा, सगळी अकरा डोकी हलवली, आणि छकुली म्हणाली…'

'बघा,' ती म्हणाली. 'सुरू झालात.'

तिने फोन ठेवला. आपटला नाही. हळूच ठेवला. ते जास्त ऐकू आलं.

सोमवार, १७

वर्कशॉपमध्ये गेलो नाही. तबकडी लावली नाही. घर इतकं शांत असतं, हे मला ठाऊक नव्हतं.

मंगळवार, १८

छकुलीच्या दवाखान्यात गेलो. दोन पेशंटच्या मधे तिने मला त्या आडव्या खुर्चीत बसवलं.

'तुला माहीत होतं?'

'हो.'

'अक्कांना?'

'बाबा, तुम्हाला सोडून सगळ्यांना.'

'मग मला कुणी सांगितलं का नाही?'

'कधी सांगायचं?'

खुर्चीवरचा दिवा डोळ्यांत येत होता. म्हटलं, 'तुझ्या आईला कुठलं गाणं आवडतं गं?' ती हातमोजे काढत राहिली. तिलाही ठाऊक नाही. दोघं बसलो तसेच, दात दुखत असल्यासारखे.

शनिवार, २२

पाच दिवस हिला फोन केला नाही. आज साडेसहाला हात आपोआप गेला. अक्कांनी उचलला. म्हणाल्या, 'बोलावते, थांबा.' मी म्हटलं, 'नको, तुमच्याशीच बोलायचंय.' लांबून शीळ ऐकू येत होती. काय बोलावं सुचेना, म्हणून म्हटलं, 'तुमचा तो माळी फार सुरेल वाजवतो हो.'

'कुठला माळी?'

'शीळ वाजवतो तो.'

अक्कांनी 'शीळ?' म्हणून खात्री करून घेतली. मग म्हणाल्या, 'अहो, इथे कुणी माळी शीळ वाजवत नाही. तुमची बायको वाजवते. लहानपणापासून. आमचे वडील ओरडायचे, मुलीच्या जातीला शोभत नाही म्हणून, तरी गच्चीवर जाऊन वाजवायची. आसपासची पाखरं उत्तर द्यायची तिला. का, तुमच्याकडे नाही वाजवली कधी?'

मी रोज ऐकत होतो. चार महिने. कुठला सूर जरा चढा आहे तेसुद्धा सांगू शकलो असतो. हुकचं टोक बोथट झालेलं मला फोनवर कळतं.

पण लिहायला हवं, नाहीतर वहीशी खोटेपणा होईल. फोन ठेवला तेव्हा लाज वाटलीच. आणि तिच्या खालोखाल काय वाटलं, तर आनंद! माझी बायको अशी शीळ वाजवते! तबकडीवाल्याला सांगायला धावत जावंसं वाटलं. माझ्या यादीतल्या कुठल्याही तबकडीवर असा स्वच्छ सूर नाही. मी ज्याला माळी समजत होतो, त्याची भेट घ्यायचीच, असं केव्हाचं मनात होतं.

सोमवार, २४

आज फोन केला. आधी तयारी केली. टेलरबाईंना विचारलं, 'बोलायचं नसेल तर माणूस काय करतो?' त्या म्हणाल्या, 'बाकीचे गप्प बसतात. तुमचं तुम्ही बघा.' मी एक रिकामी बॉबिन घेतली. ही फोनवर आली. म्हटलं, 'शनिवारी मी तिकडे येऊ का?' आणि बॉबिन दातांत धरली.

एवढी लांब शांतता मी उभ्या जन्मात ऐकली नव्हती. मागे पाणी. कात्री. कुणीतरी कुंडी सरकवली. तीनदा तरी वाटलं, बॉबिन काढावी आणि सांगावं, की मी बदललोय, हॉल रिकामा आहे, मला सगळं समजलंय. दात रुतवून बसलो.

'किती वेळासाठी?' तिने विचारलं.

बॉबिन काढली. 'तू म्हणशील तेवढा.' पुन्हा घातली.

'या. दुपारी. पण साडेपाचला ट्रक यायचाय, दोनशे रोपं भरायची आहेत. मला काम असेल.'

'बरं,' मी म्हणालो. एक शब्द! अन् फोन ठेवल्यावर वर्कशॉपभर नाचलो. टेलरबाई म्हणाल्या, 'मालक, दातांत काय अडकलंय?'

शुक्रवार, २८

तबकडीवाल्याने रेकॉर्ड प्लेअर स्वतः बांधून दिला. त्याला सगळं सांगितलं. त्याने मान डोलावली आणि म्हणाला, 'आठ तबकड्या नेताय?'

'निवडता येत नाहीये.'

'तुम्ही कशाला निवडताय?' आणि वरून नववी खोक्यात टाकली. 'ही माझ्याकडून. रोमँटिक अजिबात नाही. आमचा बँड शेवटी वाजवायचा, लोक खुर्च्या सोडून उठायचे.'

भीती वाटतेय. सोळाव्या वर्षी पहिल्या अनोळखी दाराची कडी वाजवताना वाटली होती तशी. चांगली असते ती.

रविवार, ३०. सकाळ

काल काय झालं ते आज अक्कांच्या ओसरीवर बसून लिहितोय.

पोचलो तेव्हा ही हिरव्या जाळीच्या मंडपात होती. पायांत गुडघ्यापर्यंत रबरी बूट, कोपरापर्यंत माती. मला बघून हसली नाही, पण तोंडही फिरवलं नाही. म्हणाली, 'जेवलात?' मी मान हलवली. एका पालथ्या क्रेटकडे बोट दाखवलं. बसलो. प्लेअर टेबलावर ठेवला, पाय डगमगत होता म्हणून खाली पुठ्ठा घातला, वायर जोडली. ती कलमं बांधत राहिली. मी तबकडी लावली नाही.

मग ती बोलायला लागली. पहिल्यांदा माझ्याकडे न बघता, रोपांना सांगितल्यासारखं. मग बघून. तासभर तरी बोलली असेल. तीस वर्षांतलं होतं, लग्नाआधीचंही होतं. दोनदा मी तोंड उघडलं, दोनदा मिटलं. तिसऱ्या वेळी तिनेच विचारलं, 'काय?' तेव्हा मी एक प्रश्न विचारला, आणि ती त्यावर आणखी अर्धा तास बोलली.

ती काय म्हणाली ते इथे लिहिणार नाही. मला सगळं पाठ आहे, पण ते तिचं आहे.

एक मात्र लिहितो. बोलणं संपल्यावर हात पुसून ती खोक्याशी आली आणि तबकड्या चाळायला लागली. 'यातला दमेकरी कुठला? आणि तो झाडूवाला? तुम्ही बाद केलेला म्हातारा आणलात का?' तिला सगळे माहीत होते! महिनाभर मी जे जे बडबडलो, त्यातलं तिने काही सांडलं नव्हतं. मी पाकिटं एकेक करून तिच्या हातात दिली. कुठलं वाद्य कुठे येतं ते सांगावंसं फार वाटलं. सांगितलं नाही.

तिने दमेकरी बाजूला ठेवला. ट्रम्पेटही. म्हणाली, 'ही रडणारी सगळी नंतर. आत्ता ट्रक येईल.' आणि नववी काढली. 'ही कसली?'

'मीही ऐकलेली नाही,' मी म्हणालो. खरंच होतं.

सुई ठेवली आणि काय सांगू! ड्रमने दार लाथेनं उघडावं तसं झालं. पाच-सहा वाद्यं एकदम घुसली, पियानो जिन्यावरून गडगडत खाली आल्यासारखा, मागे कुणीतरी टाळ्या वाजवतंय, ओरडतंय. काम करणाऱ्या दोघी बाया माना वर करून बघायला लागल्या. अक्का काठीशिवाय ओसरी उतरून आल्या. ही म्हणाली, 'परत लावा,' आणि पहिली पेटी उचलली.

साडेपाचच्या ट्रकमध्ये दोनशे रोपं आम्ही त्या एका तबकडीवर भरली. संपली की मी पळत जाऊन सुई मागे ठेवायची आणि पळत येऊन पेटी धरायची. ती सांगेल तशी: 'उंच मागे. आडवी नको. अहो, कुंडीला धरा, खोडाला नाही!' आवाज खणखणीत. माझ्या लग्नाच्या तिसाव्या वाढदिवसाला मी माझ्या बायकोच्या हुकमाने पेटीचं दुसरं टोक उचलत होतो, आणि शर्ट मातीने माखला होता. शीळ तिने वाजवली नाही. मीही मागितली नाही.

ट्रक गेल्यावर पायरीवर बसलो. ती म्हणाली, 'मी इथेच राहणार आहे. अक्काने अर्धी जबाबदारी माझ्यावर दिलीय. तुम्हाला आज माहीत असावं.'

वाईट वाटलं, ते लपवत नाही. म्हटलं, 'बरं.' मग आणखी म्हणायचं होतं, म्हणून विचारून घेतलं, 'मी येत जाऊ का?'

'शनिवारी या. शनिवारी ट्रक असतो.' मग बुटाची माती खरवडत, 'आणि खोकं आणू नका. एकच तबकडी आणा.'

'कुठली आणू?' मी विचारलं.

तिने गुडघ्यावर हनुवटी टेकवली आणि मंडपाकडे बघत राहिली. तिने विचार करायला फार वेळ घेतला. घेऊ दे.